कुणाच्या आज्ञेवरून

भोंग्याला दोन आवाज होते. पहिला घरचा, आणि तो घरात कुणाच्या खिजगणतीत नसे. चहा हवा असेल तर तीनदा मागावा लागे, आणि तिसऱ्या वेळी बायको म्हणायची, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय? माणसासारखं बोला की." दुसरा आवाज बसस्थानकावरचा. चौकशी खिडकीमागच्या खोलीत तो माइकसमोर बसला आणि हातात कागद पडला, की त्याच किडकिडीत गळ्यातून भलताच माणूस बोलायला लागे. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी उंचापुरा, कडक इस्त्रीतला, मोठ्या हुद्द्यावरचा अधिकारी बोलतोय. खिडकीतून डोकावून बघावं तर आत भोंगा, बाहीचं बटण तुटलेलं, नाकावर चष्मा घसरलेला. लोक हिरमुसून आपल्या बॅगांकडे परत जायचे.

भोंगा हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. आई लवकर गेली, ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, फटके दिले. लहानपणी तो रडायला लागला की पलीकडच्या गल्लीतले लोक कारखान्याचा भोंगा झाला समजून डबे बांधायला घ्यायचे, असं ती सांगायची. यात किती खरं आणि किती ताईचं, देव जाणे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

कामाची रीत त्याला आधीच्या म्हाताऱ्या उद्घोषकानं शिकवली होती. "चिठ्ठी आधी मनात वाचायची नाही," म्हातारा सांगायचा. "मनात वाचलीस की विचार येतो, आणि विचार आला की आवाज डळमळतो. हातात आली की सरळ तोंडातून बाहेर. आणि शेवटी 'आज्ञेवरून' म्हणायचं. कुणाच्या, ते विचारायचं नाही." भोंग्यानं हे तंतोतंत पाळलं. हिरवा सदरा घातलेला मुलगा सापडला आहे, त्याचे नातेवाईक असतील त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावे, हे तो ज्या सुरात वाचायचा, त्याच सुरात चार नंबर फलाटावरचं शौचालय बंद असल्याचंही वाचायचा. एकदा चहावाल्यानं आपल्या भावासाठी लिहिलेली चिठ्ठी चुकून त्याच्या टेबलावर आली. "दूध संपले आहे, येताना दोन पिशव्या घेऊन येणे. आज्ञेवरून." अर्ध्या तासात सहा प्रवासी दुधाच्या पिशव्या घेऊन खिडकीशी उभे! कुणी तक्रार केली नाही. एकानं तर पोचपावती मागितली.

मग ती साथ आली. आधी ताप यायचा, मग धाप लागायची. डॉक्टर मंडळी खरं ते सांगत होती, की यावर नेमकं औषध अजून हाती नाही, विश्रांती घ्या, पाणी प्या, धाप लागली तर मात्र एक क्षण न दवडता दवाखाना गाठा. पण "माहीत नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरावर कुणाचा विश्वास बसतोय? लोकांना औषध हवं होतं. आणि मागणी असली की माल येतोच, तो कुठूनही येतो.

ताई बसस्थानकाच्या भिंतीमागच्या गल्लीत राहायची. शाळेचे गणवेश शिवायची. शाळा बंद पडल्या, शिलाई मशीन गप्प झालं, आणि रिकाम्या हातांना मोबाइल सापडला. सुईत दोरा ती अजूनही एका फटक्यात ओवायची, पण मोबाइलवरची अक्षरं म्हणजे तिला मुंग्या चालल्यासारखी दिसत. भाऊजींना विचारून उपयोग नव्हता. ते कुलूपं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेले, बायकोच्या हो ला हो करणारे गृहस्थ. त्यांचा चष्मा तिच्याहून जाड. तेव्हा काहीही आलं की ते भोंग्याकडे यायचं. "भोंग्या, हे काय आलंय बघ रे. वाचून पाठव."

तो दिवस तसाच होता. गाड्या निम्म्याहून कमी, फलाटावर शुकशुकाट, खोलीत पंखा आणि भोंगा. माइक बंद होता, पण खुर्ची तीच, टेबल तेच. ताईचा मजकूर आला तो त्यानं उघडला, मोबाइलचं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि रीतीप्रमाणे, मनात न वाचता, सरळ तोंडातून बाहेर काढला.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, बटाट्याच्या सालींचा काढा सकाळ-संध्याकाळ घेतल्यास साथीचा ताप हमखास उतरतो. बटाटा टाकून द्यावा. काढा खिडकीकडे तोंड करून प्यावा." इथं पंख्यानं उडवलेली धूळ घशात गेली, तो खोकला, आणि पुढे चालू राहिला. "काढा घेणाऱ्यांनी दवाखान्यात जाऊ नये. तेथील औषधांनी सालींचा गुण जातो. आज्ञेवरून."

शेवटचा शब्द मजकुरात नव्हता. तो त्याच्या जिभेवर होता.

त्यानं ते ताईला पाठवून दिलं आणि डबा उघडला. ताईनं ते शिवणकामवाल्या बायकांना पाठवलं. त्या बायकांना नवरे होते, नणंदा होत्या, दिरांचे साडू होते. पुढचं सांगायला नको.

आठवडाभरात बाजारातून बटाटा गायब झाला. साली विकायला आल्या. बटाटा त्यावर फुकट मिळायला लागला, आणि फुकट असूनही कुणी नेईना, कारण टाकून द्यावा असं स्पष्ट सांगितलं होतं ना! गल्लोगल्लीच्या कोपऱ्यांवर सोललेल्या बटाट्यांचे ढीग पडले, उघडेबोडके, ओशाळल्यासारखे. संध्याकाळी रस्त्यानं चाललं की प्रत्येक खिडकीत एक तोंड, तोंडाला पेला. समोरासमोरच्या खिडक्यांतली माणसं एकमेकांकडे बघत, नाक मुरडत, घोट घ्यायची. ज्यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं ते शेजारी यामुळे बोलायला लागले, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

भोंग्यानं आपला आवाज परत ऐकला तो एका टेम्पोच्या कर्ण्यातून. कुणीतरी सुरुवातीला बाजा जोडला होता आणि एका बाईनं "आता ऐका अधिकृत सूचना" असं म्हटलं होतं. तो फुटपाथवर उभाच राहिला. खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली. बसस्थानकाबाहेर आपला आवाज जाईल असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. घरी आला तर बायको तेच लावून बसलेली.

"ऐका जरा," ती म्हणाली. "किती शांतपणे सांगतोय हा माणूस. याची बायको नशीबवान. नाहीतर तुम्ही."

भोंग्यालाही वाटायला लागलं की, एवढा खणखणीत आवाज सांगतोय तर त्यात काहीतरी असेलच. त्यानं खिडकीत उभं राहून एक पेला घेतला. रात्रभर पोट धरून बसला.

बसस्थानकावर त्याच्या वरचे होते स्थानकप्रमुख. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांनी त्याला बोलावून मोबाइल पुढे धरला. "ऐक. याला म्हणतात वाचन. प्रत्येक शब्दाला वजन आहे. तू पण जरा शिक, नुसता गाड्यांचे नंबर बरळत असतोस."

"साहेब, हा मीच आहे," भोंगा म्हणाला. घरच्या आवाजात म्हणाला, दुसरा आवाज कागदाशिवाय निघत नसे.

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, "तब्येत बरी आहे ना? काढा घेतोस की नाही?"

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग ताईला ताप आला.

भाऊजींचा फोन आला, ते म्हणाले, "तशी बरी आहे. जरा धाप लागतेय." भाऊजी घर जळत असतं तरी "जरा ऊब आहे" म्हणाले असते, तेव्हा भोंगा धावत गेला. ताई खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. गळ्यात मोजपट्टी, अंगावर निळा स्वेटर, हातात पेला. एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागत होतं, आणि तरी ती बोलतच होती. दारात आरोग्य खात्याची नर्स उभी होती. बोटाला लावायचं छोटं यंत्र पिशवीत ठेवत ती भोंग्याला बाजूला घेऊन म्हणाली, "प्राणवायू फार कमी झालाय. यांना आज ऑक्सिजन मिळाला तर वाचतील. मी दवाखान्याची गाडी बसस्थानकाच्या दारात उभी करायला सांगते, या गल्लीत ती शिरत नाही. पण त्या यायला तयार नाहीत. आता हात लावू देत नाहीत. संध्याकाळपर्यंत आणा. उद्या आणलंत तर मग मला काही विचारू नका."

"ताई, चल," भोंगा म्हणाला.

"कुठं? दवाखान्यात? आणि सालींचा गुण जाऊ दे होय?"

"अगं, कसला गुण! ते मी वाचलेलं आहे. तूच मला पाठवलं होतंस."

"तू वाचलंस ते वेगळं," ताई म्हणाली. दम घेतला. "ते मी सगळ्यांना पाठवलं. मग हे सरकारचं आलं. दोन्हींत शब्द न् शब्द सारखा. दोन ठिकाणाहून एकच येतं तेव्हा ते खरं असतं."

भोंग्यानं कपाळाला हात लावला. त्यानं दोन्ही मोबाइलवर लावून दाखवलं, आधी हे, मग ते.

"यात आधी बाजा वाजतोय," ताई म्हणाली. "तुझ्याकडे कुठला आला बाजा?"

"बरं, हा खोकला ऐक. 'खिडकीकडे तोंड करून प्यावा' नंतर. यात आहे. आणि हे बघ, त्यातही आहे. माझाच खोकला आहे ना तो?"

"त्या सरकारी साहेबांनाही खोकला झाला असेल. साथ आहे."

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा!"

"ती म्हणते ते बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. पण सवय.

भोंगा जिन्यात येऊन बसला. रागानं त्याचे कान तापले होते, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. गाडीबाबत चूक झाली की बसस्थानकावर त्याला एक उपाय असे. पूर्वीची सूचना रद्द समजावी, एवढं म्हणायचं. लोक शिव्या घालत का होईना, फलाट बदलायचे. त्यानं पाठकोऱ्या कागदावर लिहून काढलं, हातात कागद धरला, आणि दुसरा आवाज आला. "बटाट्याच्या सालींबाबतची पूर्वीची सूचना रद्द समजावी. धाप लागल्यास तात्काळ दवाखान्यात जावे. आज्ञेवरून." पाठवलं सगळीकडे.

कुणी पुढे ढकललं नाही. रद्द झालेल्या गाडीची बातमी कोण कुणाला आवर्जून कळवतो? जी उत्तरं आली त्यांत लोकांनी त्याला बजावलं होतं की सरकारी साहेबांच्या आवाजाची नक्कल करून अफवा पसरवू नये. एकानं लिहिलं होतं, नक्कल बरी जमलीये, पण खऱ्याची सर नाही.

दिवस कलायला लागला होता. भिंतीपलीकडे बसस्थानकाच्या दारात पांढरी गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर पाय मोकळे करत होता. भोंगा खोलीत शिरला, दाराला आतून कडी घातली आणि माइकसमोर बसला. स्थानकाच्या चार कर्ण्यांपैकी एकाचं तोंड भिंतीवरून थेट ताईच्या खिडकीकडे होतं. वर्षानुवर्षं ती त्या कर्ण्यावर दूध तापवायची वेळ ठरवत आली होती.

हातात कागद नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच नव्हता. त्यानं बटण दाबलं.

"सर्व प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," तो म्हणाला, कारण तेवढं पाठ होतं. फलाटावरच्या थोड्याफार माणसांनी माना वर केल्या. "एक बाई हरवल्या आहेत. वय साठीच्या पुढे. अंगात निळा स्वेटर. गळ्यात मोजपट्टी, ती त्या झोपतानाही काढत नाहीत. स्वभाव हट्टी."

एका वाहकानं इकडेतिकडे बघितलं. एक म्हातारी बाकाखाली वाकून बघायला लागली.

"त्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खिडकीत बसल्या आहेत. त्यांचा भाऊ... त्यांचा भाऊ चौकशी खिडकीजवळ वाट पाहत आहे." इथं तो मोठा अधिकारी त्याला सोडून गेला. उरला तो घरचा आवाज, चहा मागणारा, आणि तो चार कर्ण्यांतून बाहेर पडला. "ताई, ये ना गं. ते मीच वाचलं होतं. कुणाची आज्ञा नव्हती, काही नव्हती, मला सवय आहे म्हणून म्हटलं. मला काय कळतंय बटाट्यातलं? मी न वाचता वाचलं, ताई. तू गेलीस तर मी काय करू? मला भीती वाटतेय."

आणि मग त्यानं गळा काढला. माइक सुरूच होता. पत्र्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. बाहेरून साहेब दार ठोठावत होते, "बंद कर! अरे, बंद कर ते!" पण भोंग्याला काही ऐकू जात नव्हतं. लोकांनी हातातल्या बॅगा खाली ठेवल्या. फलाटावर उभ्या बसचं इंजिन चालकानं बंद केलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खिडकीच्या काचेवर मोजपट्टीचं पितळी टोक टकटकलं. बाहेर ताई उभी होती, एक हात भाऊजींच्या खांद्यावर, दुसरा खिडकीच्या कठड्यावर, ओठ निळसर झालेले.

"आधी ते रडणं बंद कर," ती म्हणाली. "अख्ख्या जगासमोर माझा स्वभाव काढतोस. लाज वाटत नाही?"

"आलीस तू," भोंगा म्हणाला.

"येणार नाही तर काय. माझं पोर एवढ्यानं रडतंय." भाऊजींनी तिला दारातल्या पांढऱ्या गाडीपर्यंत नेलं, दम लागला तशी ती पायरीवर टेकली. "तुझ्यासाठी येतेय हं. त्या साहेबांचं काही चुकलेलं नाही."

स्थानकावरच्या साहेबांनी खासगी कारणासाठी माइक वापरल्याबद्दल त्याला कामावरून घरी बसवलं. ते योग्यच होतं. तसाही तो आता दवाखान्यातच बसत होता, आतल्या वॉर्डच्या दारासमोरच्या बाकावर. आत ताईच्या तोंडावर मुखवटा, नाकातोंडात नळीनं येणारी हवा. पहिले काही दिवस डॉक्टर नुसते मान हलवून जायचे. मग एका सकाळी आतून नर्स आली आणि म्हणाली, "तुमच्या ताईंना सांगा, मुखवटा काढून बोलायचं नाही. बाजूच्या पेशंटला सालींबद्दल सांगत होत्या." भोंगा इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. ताई वाचली होती. डॉक्टरांनीही दुपारी तेच सांगितलं, जरा जास्त शब्दांत.

बाकावर दुसऱ्या टोकाला एक घड्याळजी बसायचे. त्यांची बायको आत, ताईच्या पलीकडच्या खाटेवर. एवढे दिवस दोघं शेजारी बसले होते, पण पाण्याची बाटली पुढे करण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी दारावर नवी पाटी लागली. घड्याळजींचा चष्मा घाईगडबडीत घरीच राहिलेला.

"काय लिहिलंय हो? जरा वाचता का?"

भोंग्यानं मान वर केली. वाचायचं म्हटल्यावर दुसरा आवाज आपोआप आला, त्याला तो थांबवायचा कसा तेच ठाऊक नव्हतं. "रुग्णाजवळ एकाच नातेवाइकाने थांबावे. भेटीची वेळ सकाळची राहील."

घड्याळजी सरकून जवळ आले. "अहो, तुमचा आवाज हुबेहूब त्या सालीवाल्या साहेबांसारखा आहे."

"मीच तो," भोंगा म्हणाला.

घड्याळजी हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. "चेष्टा करताय गरिबाची."

"नाही हो. खरंच मी. बसस्थानकावर वाचायचो. बहिणीनं पाठवलं, मी वाचलं. खोटं होतं ते सगळं. तुमच्या मंडळींनी ऐकलं होतं का ते?"

"ऐकलं म्हणजे काय! मी ओरडत होतो, चल दवाखान्यात, चल दवाखान्यात. लग्न झाल्यापासून माझं एक ऐकलं असेल तर शपथ. पण त्यांचं ऐकायची. म्हणायची, बघा, कसा धीर देतो माणूस." त्यांनी भोंग्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. बहीण आजारी असली की माणसाच्या मनात काहीबाही येतं. आणि ते साहेब तरी काय, लोकांच्या भल्यासाठीच बोलले असतील ना?"

भोंग्याला त्यांचा हात उचलून बाजूला ठेवावासा वाटला. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की भल्यासाठीही नव्हतं आणि वाईटासाठीही नव्हतं, डबा खायची वेळ झाली होती. त्याला स्वतःची किळस आली. ताईला हाक मारायला त्याच्याकडे कर्णा होता. या माणसाकडे काय होतं? पण घड्याळजी भल्या चेहऱ्यानं त्याच्याकडे बघत होते.

दार उघडून नर्सनं घड्याळजींना आत बोलावलं.

ते बाहेर आले तेव्हा चालत आले, नीट चालत. बाकावर बसले. मनगटावरचं घड्याळ काढलं, किल्ली दिली, परत घातलं. भोंगा उठून उभा राहिला, मग काय करावं न कळून पुन्हा बसला.

"मुलगी परगावी असते," घड्याळजी म्हणाले. "तिला कळवायला हवं. माझ्यानं बोलवत नाहीये." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. "तुम्ही सांगता का? तुमचा आवाज चांगला आहे."

भोंग्यानं मोबाइल घेतला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचललं, मागे लहान मूल बडबडत होतं, आणि एक बाई घाईनं म्हणाली, "बाबा, बोला ना, आई कशी आहे?"

"मी बाबा नाही," तो म्हणाला. "मी बसस्थानकावर उद्घोषणा करायचो. तुमच्या बाबांच्या शेजारी बसलोय. बेटा, आई गेली."

पलीकडे तिनं मुलाला गप्प केलं.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही."

मग त्याला पुन्हा सांगावं लागलं.